दायमाबादचा गाडा आणि काचेची पेटी

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना बसच्या आवाजात काही निसटलं असेल, तर इथे वाचा.

मी प्रदर्शनांच्या जागांवर काम करते. वस्तू कुठे ठेवायची, किती उंचीवर, उजेड कुठून, शेजारच्या पाटीवर काय लिहायचं, आणि माणसं तिथे थांबतात की सेल्फी काढून पुढे जातात. हो, हेही रिसर्चच असतं. घरी अजून कोणाला पटलेलं नाही.

आज एकाच वस्तूबद्दल बोलू. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस, आणि दोन बैल जुंपलेला गाडा. गाड्यात उभा माणूस. चारही मिळून वजन साधारण ६० किलो! गाडा ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे दीड फूट. गेंड्याला आणि म्हशीलाही चाकं आहेत. हत्तीची चाकं हरवलीत, पण पायाखालच्या चौथऱ्याला आस अडकवायची सोय दिसते.

म्हणजे बघा, या वस्तू ओढून न्यायच्या होत्या. मिरवणुकीत की पूजेत, ते सोडा. पण त्या चालायच्या. आणि आपण त्यांना काचेच्या पेटीत गप्प उभं करतो.

मी एकदा पुठ्ठ्याचा, खऱ्या मापाचा गाडा केला आणि काही शाळकरी मुलांपुढे जमिनीवर ठेवला. पहिला प्रश्न, "ताई, ओढू का?" दुसऱ्या मिनिटाला एक चाक निखळलं. फोटो दाखवला होता तेव्हा प्रश्न होता, "सोन्याचा आहे का?" माझ्या वहीत हे दोन प्रश्न शेजारी शेजारी आहेत. तेव्हापासून मी म्हणते, मूळ वस्तू काचेत राहू दे, पण शेजारी हाताळायची प्रतिकृती हवीच.

आता खरी पंचाईत पाटीची. ‘काळ’ या शब्दापुढे काय लिहायचं? म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी हे पुरातत्त्वज्ञ या वस्तू उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात, म्हणजे ढोबळमानाने चार हजार वर्षांपूर्वीच्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या तपासणीवरून शंका काढली. यात आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत आर्सेनिक असं मिसळलेलं आढळत नाही. म्हणून त्या बऱ्याच नंतरच्याही असू शकतात. हा गोंधळ होतो कारण वस्तू उत्खननाच्या थरातून नाही, मुळाखालून निघाल्या. थर असता तर सोबतच्या खापरांवरून काळ लावता आला असता.

बरेच जण म्हणतात, पाटीवर वाद नको, लोक गोंधळतात. मला हे साफ पटत नाही. आयपीएलच्या थर्ड अंपायरवर अर्धा तास भांडणारी माणसं दोन ओळींच्या मतभेदाने गोंधळतात होय?

दुसरी गोष्ट जास्त बोचते. या वस्तू पाहायच्या तर मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत जावं लागतं. सुरक्षा, हवा, आर्द्रता ही कारणं खरी आहेत, मी ती नाकारत नाही. पण श्रीरामपूरच्या मुलाने आपल्या तालुक्याचा गाडा पहिल्यांदा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात बघायचा?

सध्या मी एका पाटीचा मसुदा करतेय. तुम्हीच सांगा कसा वाटतो:

‘गाडा. ब्राँझ. लांबी ४५ सेंमी. दायमाबाद, प्रवराकाठ. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना मिळाला. काही अभ्यासक तो चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात, काही बराच नंतरचा. शेजारची प्रतिकृती ओढून पाहा.’

‘मिळाला’ की ‘सापडला’, यावर मी अजून अडले आहे.