घरभेदी ओळखायचा कसा?

पडद्यावरचे हेर : भाग ६

मागच्या रविवारी आपण पडद्यावरचे हेर एकमेकांना निरोप कसे पोचवतात ते पाहिलं. तो भाग वाचून अकोल्याच्या एका वाचकांनी कळवलं, "भाऊ, निरोपाचं समजलं. पन आफिसातला फितूर कोन हाय, थे शेवटच्या भागाच्या आंधी कसं वयखाचं, हे सांगा ना." अमरावतीच्या एका ताईंची तक्रार बरोबर उलटी. त्यांना म्हणे दुसऱ्याच भागात नाव कळतं आणि त्यांनी ते सांगितलं की घरातले चिडतात. दोघांसाठी आजचा भाग. आधीच सांगून ठेवतो, काही जुन्या मालिकांची गुपितं इथे फुटणार आहेत. ज्यांना त्या पाहायच्या आहेत त्यांनी हे पान दुमडून ठेवावं.

बहुतेक प्रेक्षक पहिल्याच पायरीवर चुकतात, कारण ते वागणुकीवरून अंदाज बांधतात. हा सारखा घाम पुसतो, ती फोन आला की गॅलरीत जाते, तो साहेब कोणी आलं की फाइल मिटतो. झालं, हाच तो! पण घाम पुसायला त्याला लेखकानेच सांगितलेलं असतं. अशा मालिकेत तीन-चार संशयित लागतातच आणि प्रत्येकाला लपवण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं. एकाच्या डोक्यावर कर्ज, एकीचं लग्नाबाहेरचं प्रेम, एकाची चोरून दारू. चौथ्या-पाचव्या भागात ही गुपितं एकेक करून उघडी पडतात आणि तो माणूस संशयातून सुटतो. खरा घरभेदी मात्र वेळेवर कामाला येतो, नायकाच्या डब्यातलं खातो आणि अडचणीत सगळ्यांत आधी मदतीला धावतो.

मग पाहायचं काय? माझं उत्तर असं की, कोणावर संशय घेणं नायकाला सर्वांत महाग पडेल, ते पाहावं.

या प्रकारच्या मालिकांमधली सर्वांत गाजलेली म्हणजे बीबीसीची १९७९ सालची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. जॉन ल कारे यांची कादंबरी १९७४ ची, मालिका सात भागांची, आणि जॉर्ज स्मायलीच्या भूमिकेत अॅलेक गिनेस. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अगदी वरच्या वर्तुळात मॉस्कोचा माणूस बसला आहे आणि नोकरीतून काढून टाकलेल्या स्मायलीने त्याला बाहेरून शोधायचं आहे. संशयित चार : पर्सी अॅलेलाइन, बिल हेडन, रॉय ब्लँड आणि टोबी एस्टरहेज. यातल्या हेडनचे स्मायलीच्या बायकोशी, अॅनशी, संबंध होते. खात्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. घरभेदी हेडनच निघतो. पण त्याहून मोठी चाल शेवटी कळते. अॅनच्या जवळ जा, असा हुकूम त्याला मॉस्कोहून, तिथला हेरप्रमुख कार्ला याच्याकडूनच आलेला होता. स्मायली हा एकच माणूस आपल्याला पकडू शकेल हे कार्लाने ओळखलं होतं. उद्या स्मायलीने हेडनकडे बोट दाखवलंच तर ऐकणारा म्हणणार, हा जळतो आहे, बायको नेली म्हणून सूड उगवतो आहे. एवढंच कशाला, स्मायलीला स्वतःलाही तसंच वाटणार. आपला संशय खरा की आपली मत्सराची आग खरी, हे त्याला ठरवता येऊ नये, अशी ती मांडणी होती. घरभेद्याला लपवण्याची इतकी क्रूर आणि इतकी नेमकी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं, आणि ते आपल्या घरापर्यंत आलेलं आहे. '२४' ही मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली. एका दिवसाचे चोवीस तास, तासाला एक भाग. नायक जॅक बाउअरला पहिल्याच रात्री सांगितलं जातं की तुझ्या कचेरीत घरभेदी आहे. पुरावा जातो नीना मायर्सकडे, त्याच्या उजव्या हाताकडे. पुढे लगेच तो पुरावा कोसळतो, कारण ज्या दिवसांत तिच्या संगणकावरून माहिती गेली त्या दिवसांत ती परगावी होती आणि तिच्यासोबत खुद्द जॅकच होता. तेव्हा बायकोपासून तो वेगळा राहत होता. नीनाची साक्ष तोच देतो. मग जेमी फॅरल नावाची दुसरी सहकारी घरभेदी म्हणून पकडली जाते, प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतात आणि प्रश्न मिटला असं धरून चालतात. अगदी शेवटी कळतं की नीनाही घरभेदीच होती आणि जेमीने केलेली आत्महत्या ही आत्महत्या नव्हतीच.

इथे दुसरी खूण सापडते. ज्याच्यावर सर्वांत आधी संशय आला आणि जो सर्वांत आधी निर्दोष ठरला, त्याला विसरू नये. एकदा सुटलेल्या माणसाकडे प्रेक्षक पुन्हा पाहत नाही, लेखकाला हे पक्कं ठाऊक असतं. आणि ही नुसती कथेतली युक्ती आहे असंही नाही. किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला खराखुरा रशियन हेर. जन्म आपल्या अंबाल्याचा, १९१२ चा. १९५५ मध्ये त्याचं नाव उघडपणे घेतलं गेलं तेव्हा परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की त्याच्याविरुद्ध काही आढळलेलं नाही. जानेवारी १९६३ मध्ये फिल्बी बैरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत निघाला. ल कारे त्या काळात स्वतः त्याच खात्यात नोकरीला होते. हेडन कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

आता अमरावतीच्या ताईंचा मुद्दा, दुसऱ्याच भागात नाव कळण्याचा. '२४' च्या बाबतीत तसं कळणं शक्यच नव्हतं, कारण तेव्हा ते लेखकांनाही माहीत नव्हतं. वाहिनीने सुरुवातीला तेराच भागांची मागणी नोंदवली होती. पुढचे भाग मिळाल्यावर गोष्ट ताणावी लागली आणि नीनाला घरभेदी करायचं हा निर्णय हंगाम बराच पुढे गेल्यावर झाला. ती भूमिका करणाऱ्या सारा क्लार्कलाही ते उशिराच समजलं. त्यामुळे आधीचे भाग परत लावून नीनाच्या डोळ्यांत कपट शोधणाऱ्यांची मला गंमत वाटते. नटीने ते डोळे एका प्रामाणिक बाईचे म्हणून दिलेले आहेत. त्या भागांत असे प्रसंगही आहेत जिथे कोणी पाहत नसताना ती इमानदारीने वागते, आणि पुढच्या उलगड्याशी ते जुळत नाहीत.

म्हणून अंदाज लावण्याआधी मालिका कोणत्या जातीची आहे ते पाहावं. एखाद्या कादंबरीवरून बेतलेली, पाच-सात भागांत संपणारी मालिका शेवटाकडून उलटी रचलेली असते. तिथे बारीक खुणा खऱ्या असतात, कपाचा कान कुठे वळला आहे तेही पाहावं. हंगामामागून हंगाम वाढत जाणारी मालिका मात्र लिहिता लिहिता ठरते. तिथे खुणा शोधणं फुकट. तिथे फक्त हिशेब करायचा : शेवटच्या भागात मोठा धक्का द्यायचा तर लेखकाच्या हातात आता कोण कोण उरलं आहे?

हिंदी '२४' ची अडचण आणखी वेगळी होती. अनिल कपूरने मूळ मालिकेच्या आठव्या हंगामात, २०१० मध्ये, ओमर हसन या राष्ट्राध्यक्षाची भूमिका केली होती. पुढे त्याने हक्क घेऊन ती इकडे आणली आणि ४ ऑक्टोबर २०१३ पासून ती कलर्सवर दिसू लागली. दिग्दर्शनाची धुरा अभिनय देव यांच्याकडे. रमेश देव आणि सीमा देव यांचे ते चिरंजीव, म्हणजे मराठी पडद्याच्या घरातलेच. नीनाच्या जागी होती मंदिरा बेदीची निकिता राय. आता विचार करा, ज्या गोष्टीतलं सर्वांत मोठं गुपित अकरा वर्षांपूर्वीच जगभर फुटलेलं आहे, ती गोष्ट पुन्हा सांगायची कशी? मुंबई-पुण्यातले इंग्रजी वाहिन्या पाहणारे प्रेक्षक निकितावर पहिल्या भागापासून डोळा ठेवून होते. बडनेऱ्यात किंवा मूर्तिजापुरात केबलवर प्रथमच ही गोष्ट पाहणाऱ्याला मात्र तिचा खरा थरार मिळाला. माझ्या मते त्या मालिकेचा उत्तम प्रेक्षक आपल्याच भागात बसला होता.

याच अभिनय देव यांनी २०१६ मध्ये 'फोर्स २' केला. तिथे भारताचे हेर परदेशात एकामागून एक मारले जातात आणि बातमी फोडणारा बुडापेस्टच्या भारतीय वकिलातीत बसलेला असतो. पण कोण, हे तिथे लवकरच कळतं आणि उरलेला सगळा पाठलाग. मला तो मार्ग कमी कसाचा वाटतो. पळणाऱ्याला पकडणं हे पायांचं काम झालं.

परदेशी नावांनी कंटाळला असाल तर आता अमरावतीत या. गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे, नामांकित वकील, टिळकांचे अगदी जवळचे सहकारी. त्यांच्या थाटामुळे लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्यासाठी खटपट करायला खापर्डे विलायतेला गेले आणि १९१० मध्ये परतले. अशा माणसावर सरकारची नजर नसती तरच नवल. डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असा त्यांचा मुक्काम शिर्डीला साईबाबांजवळ होता. खापर्डे रोजनिशी लिहीत, आणि शिर्डीच्या त्या दिवसांची रोजनिशी आज साईभक्तांमध्ये मोठ्या आदराने वाचली जाते. तिच्यात नाटेकर नावाच्या एका गृहस्थांचा उल्लेख येतो. त्यांना 'हंस' म्हणत. साधुवृत्तीचा माणूस म्हणून खापर्डे कुटुंबात त्यांना मान होता. आणि हे नाटेकर प्रत्यक्षात सरकारच्या गुप्त पोलिसांचे होते, त्या रोजनिशीपर्यंत त्यांचा हात पोचत होता, असं या रोजनिशीविषयी लिहिणारे सांगतात.

वर सांगितलेल्या कसोटीवर हे घासून पाहा. साधूवर संशय घ्यायचा म्हणजे काय? शिर्डीसारख्या ठिकाणी, बाबांच्या सहवासात, घरातल्या बायका ज्याला नमस्कार करतात त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहायचं म्हणजे स्वतःच्या श्रद्धेलाच धक्का लावायचा. कोर्टात उलटतपासणी घेऊन साक्षीदाराची दातखीळ बसवणारा वकील इथे प्रश्न विचारणार नाही, हे पाठवणाऱ्याला कळलं असलं पाहिजे. स्मायलीच्या बाबतीत अॅन जे काम करते ते इथे भगवी वृत्ती करते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खापर्ड्यांनी तिथे राहून जे लिहिलं ते आरत्या, दर्शन आणि गाठीभेटी यांचंच होतं. हेराला वाचायला मिळालं ते तेवढंच. ते वाचून सरकारची भीती उलट कमीच झाली असेल, असा माझा तर्क आहे.

या विषयावर कोणी अजून मालिका केलेली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. वाडा, वकिली, टिळकांचा तुरुंगवास, शिर्डी आणि घरात शिरलेला हंस. एवढी सामग्री हाताशी असताना आपले निर्माते कथा शोधायला इस्तंबूलला कशाला जातात?

शेवटी एक सावधगिरी. मालिकेतला घरभेदी ओळखण्याची ही रीत खऱ्या जगात वापरू नये, तिथे कारभार फार ढोबळ असतो. अमेरिकेच्या सीआयएतला आल्ड्रिच एम्स फेब्रुवारी १९९४ मध्ये पकडला गेला. सरकारी पगारावर त्याने पाच लाख चाळीस हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं होतं, जॅग्वार गाडी उडवत होता आणि खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या चाचण्या बिनधोक पार करत होता. असा घरभेदी मालिकेत लिहिला तर निर्माता लेखकाला घरी पाठवील. एफबीआयच्या रॉबर्ट हॅन्सनला तर एकदा खात्याने फितूर शोधण्याच्याच कामावर बसवलं होतं, म्हणजे त्याने स्वतःलाच शोधायचं! तो फेब्रुवारी २००१ मध्ये सापडला. तोवर सीआयएचा एक निरपराध अधिकारी त्याच्या वाटचा संशय सोसत होता. आपल्याकडे रॉचा सहसचिव रबिंदर सिंग. त्याच्या वागण्याचा संशय आला होता, पाळतही होती, तरी २००४ च्या मे महिन्यात तो नेपाळमार्गे अमेरिकेला निसटला. अमर भूषण यांनी त्या प्रकरणावर कादंबरी लिहिली आणि विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये तिच्यावरून 'खुफिया' केला. त्या चित्रपटात माणूस कोण हे आधीच माहीत असतं, हाती लागत नाही एवढंच. शिवाय प्रत्यक्षात चुकीच्या माणसावर बोट ठेवलं तर त्याची नोकरी, अब्रू, घर सगळं जातं.

तेव्हा हा खेळ टीव्हीपुरताच खेळा. सध्या घरात जी हेरमालिका चालू असेल तिचा तिसरा भाग संपला की प्रत्येकाने एक नाव आणि एका ओळीत कारण चिठ्ठीवर लिहावं. "मले त्याचं थोबाडच पसंत नाई" हे कारण धरलं जाणार नाही. कोणाचा अंदाज कशामुळे बरोबर आला ते जरूर कळवा. पुढच्या रविवारी आपण उलटतपासणीच्या खोलीत जाणार आहोत, पकडलेला हेर पडद्यावर बोलतो तरी का, हे पाहायला.