दोन देशांत राहून इतिहासाचें अध्ययन

आमच्या शाळेंत इतिहासाची गोडी असलेले विद्यार्थी दरवर्षीं निघतात. त्यांना पुढें काय करणार म्हणून विचारावें, तर बहुतेक जण वकिली तरी सांगतात किंवा सरकारी परीक्षा तरी. पदवी घेतल्यावर इतिहास हाच विषय घेऊन परदेशीं जाणारा विद्यार्थी विरळा. आणि तोहि एका देशांत एक वर्ष व दुसऱ्या देशांत एक वर्ष राहून शिकणारा, हें तर पुष्कळांच्या कानींहि आलेलें नसतें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

अशा अध्ययनाला तुलनात्मक किंवा जागतिक इतिहास म्हणतात. हे दोन शब्द नेहमीं जोडीनें येत असले तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. दोन समाज शेजारीं शेजारीं ठेवावयाचे आणि जें येथें घडलें तें तेथें कां घडलें नाहीं असें विचारावयाचें, ही तुलना. १९२८ सालीं ऑस्लो येथें भरलेल्या इतिहासकारांच्या परिषदेंत मार्क ब्लॉक या फ्रेंच पंडितानें तिची महती सांगितली. त्याचें उदाहरण मोठें मार्मिक आहे. गांवची सामाईक चराई मोडून जमिनी कुंपणांत घालण्याचा इंग्लंडांतील प्रकार सर्वश्रुत होता. तो मनांत ठेवून ब्लॉकनें दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताचे जुने कागद चाळले, तेव्हां तेथेंहि सामाईक चराई बंद पडल्याचें त्याला आढळलें. मात्र इंग्लंडप्रमाणें शेतांची नवी जुळणी तेथें झाली नव्हती. इंग्लंडचा इतिहास ठाऊक नसता तर प्रोव्हान्सचे तेच कागद मुके राहिले असते.

जागतिक इतिहासाची रीत निराळी. तो एखादा धागा धरून देशोदेशीं हिंडतो. मुंबईचेंच उदाहरण घ्या. १८६१ त अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानचा कापूस मुंबई बंदरांतून विलायतेस लोटला. मुंबईंत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचे भाव आकाशास भिडले. आणि १८६५ त युद्ध संपतांच तो सारा डोलारा कोसळला. ही हकीकत केवळ मुंबईच्या दप्तरांवरून लिहिली तर ती सट्टेबाजांची होते, लँकेशायरच्या कागदांवरून लिहिली तर उपाशी मजुरांची, आणि अमेरिकेच्या कागदांवरून लिहिली तर गुलामांच्या मुक्ततेची. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्ही कागद एका गांवीं नाहींत. दोन देशांत शिकण्याचें प्रयोजन आमच्या मतें मुख्यतः हेंच.

धागे जोडण्याचा मोह मात्र वाईट. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले व त्यांनीं कर्जरोखे जाळले. कापसाचे भाव उतरले म्हणून हें झालें, असें म्हणतां आलें तर गोष्ट किती सुरेख जुळते! परंतु दंगे झालेल्या पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत कापूस फारच थोडा पिकत असे, तेव्हां हा दुवा दिसतो तितका सरळ नाहीं, असें अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. अमेरिकेपासून सुप्यापर्यंत रेघ ओढणें सोपें. सुप्याच्या शेतांत काय पेरलें होतें हें पाहणें कष्टाचें. तें पाहण्याचे कष्ट जो घेत नाहीं, त्यानें जागतिक इतिहासाच्या वाटेस जाऊं नये.

अशा अध्ययनाचा एक प्रसिद्ध क्रम न्यूयॉर्कचें कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन संस्थांनीं मिळून आंखलेला आहे. पहिलें वर्ष न्यूयॉर्कला, दुसरें लंडनला. शेवटीं स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध. आणि पदव्या दोन, एक एम्. ए. ची व एक एम्. एस्सी. ची. लंडनला ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचें अवाढव्य दप्तर आहे, हा आपल्या विद्यार्थ्यास विशेष लाभ.

या दोन संस्थांचीं नांवें ऐकून मराठी वाचकास डॉ. आंबेडकरांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ त कोलंबियास गेले. प्राचीन हिंदुस्थानांतील व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ त त्यांनीं एम्. ए. ही पदवी मिळविली, व १९१६ च्या मे महिन्यांत तेथेंच हिंदुस्थानांतील जातींवर निबंध वाचला. त्याच वर्षीं ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ त परतावें लागलें. ते एका बोटीनें आले, त्यांचें सामान व पुस्तकें दुसऱ्या बोटीनें निघालीं, आणि ती बोट जर्मन पाणबुडीनें बुडविली. १९२० त ते पुन्हां लंडनला गेले व १९२३ त रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. मिळवूनच थांबले. आज जो मार्ग छापील पत्रकांत सांपडतो, तो त्यांनीं असा तुकड्यातुकड्यानें चालून काढला.

आतां भाषेविषयीं. एकट्या इंग्रजीवर हें काम भागत नाहीं. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास डचांची वखार होती; डच कंपनीचे कागद हेग येथें आहेत. गोव्याच्या पुराभिलेखागारांत पोर्तुगीज कागदांचे ढीग आहेत. आणि पुण्याचें पेशवे दप्तर मोडी लिपींत आहे; तें वाचणारा माणूस न्यूयॉर्कला सहजासहजीं मिळत नाहीं. आमचे विद्यार्थी आजीच्या पेटींतील मोडी कागद पाहून हंसतात. त्यांनीं ती लिपी शिकून घ्यावी. एक मोडी आणि एक डच किंवा पोर्तुगीज, एवढी शिदोरी घेऊन जाणारा विद्यार्थी तेथें रिकाम्या हातीं गेला असें कोणी म्हणणार नाहीं.

उरला पैसा. जगांतील अत्यंत महाग अशा दोन शहरांत दोन वर्षें काढावयाचीं, शिवाय फी; सामान्य घरच्या मुलास हें शिष्यवृत्तीवांचून अशक्य आहे. आंबेडकरांना बडोद्याकडून दरमहा साडेअकरा पौंड मिळत, आणि त्याबद्दल दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीं लिहून दिला होता. अनुसूचित जातींच्या व इतर गरीब विद्यार्थ्यांना परदेशीं पाठविणारी भारत सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. २०२२ सालीं तिच्या नियमांत असें कलम आलें कीं, भारतीय संस्कृति, वारसा, इतिहास आणि भारतविषयक समाजशास्त्रीय संशोधन या विषयांसाठीं ती मिळणार नाहीं. आपल्या देशाचा अभ्यास आपल्या देशांतच करावा, अशी त्यामागील समजूत. ब्रिटिश लायब्ररींतील दप्तर आणि प्रोव्हान्सचे कागद यांचें वर सांगितलेलें ध्यानीं घेतां ही समजूत आम्हांस पटत नाहीं. १९१३ त असें कलम असतें, तर प्राचीन हिंदुस्थानांतील व्यापार आणि हिंदुस्थानांतील जाती हे दोन्ही विषय अर्जांत लिहितांच तो परत आला असता.