अदृश्य स्थानधारक वर्ण (टी-रॉफ)

टी-रॉफ या मजकूर-मांडणीच्या संगणकीय भाषेत \& या चिन्हजोडीने दर्शविल्या जाणाऱ्या, न छापल्या जाणाऱ्या आणि शून्य रुंदीच्या वर्णास अदृश्य स्थानधारक वर्ण म्हणतात. तो कागदावर उमटत नाही व जागाही व्यापत नाही. मात्र मांडणी करणारी आज्ञावली त्या ठिकाणी एक वर्ण असल्याचे मानते.

पार्श्वभूमी

टी-रॉफची निर्मिती जो ओसाना यांनी बेल लॅब्स येथे १९७३ च्या सुमारास केली. पुढे ब्रायन कर्निहॅन यांनी तिचे पुनर्लेखन केले. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेली जी-रॉफ ही तिची मुक्त आवृत्ती १९९० मध्ये आली. युनिक्स व लिनक्स प्रणालींची माहितीपाने आजही मुख्यतः याच भाषेत लिहिली जातात. या भाषेत मजकूर आणि आज्ञा एकाच फाइलमध्ये असतात. ओळीच्या आरंभी टिंब किंवा एकेरी अवतरणचिन्ह आल्यास ती ओळ आज्ञा समजली जाते.

उपयोग

ओळीचा आरंभ: '.०५' अशा अपूर्णांकाने किंवा टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलनावाने ओळ सुरू झाल्यास ती अज्ञात आज्ञा ठरते आणि छापील मजकुरातून गळते. बहुधा चुकीची सूचनाही मिळत नाही. '\&.०५' असे लिहिल्यास ओळीचा पहिला वर्ण टिंब राहत नाही व मजकूर जसाच्या तसा छापला जातो. परिच्छेदाची फेरजुळणी करताना ओळीच्या मध्यावरील शब्द पुढील ओळीच्या आरंभी येऊ शकतो. म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दापूर्वी हा वर्ण लिहिणे सुरक्षित ठरते.

वाक्याचा शेवट: मूळ फाइलमधील ओळ पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्हाने संपल्यास तेथे वाक्य संपल्याचे मानून अधिक जागा सोडली जाते. 'डॉ.' सारखे संक्षिप्त रूप ओळीच्या शेवटी आल्यास 'डॉ.\&' असे लिहून ही जागा टाळता येते.

जोडाक्षरे: रोमन लिपीतील काही अक्षरे, उदाहरणार्थ एफ आणि आय, शेजारी आल्यास एकत्र जोडून छापली जातात. त्यांच्यामध्ये \& लिहिल्यास ती सुटी राहतात.

तक्ते: तक्ते मांडणाऱ्या टीबीएल या पूरक आज्ञावलीत अंकांच्या स्तंभातील नोंदी दशांश चिन्हाशी जुळवल्या जातात. नोंदीत \& असल्यास दशांश चिन्हाऐवजी त्या जागेशी जुळवणी होते.

इतर चिन्हांशी तुलना

या भाषेतील सर्व अदृश्य चिन्हे शून्य रुंदीची नसतात. बॅकस्लॅशपुढे शून्य लिहिल्यास एका अंकाच्या रुंदीएवढी कोरी जागा सुटते. \| ने त्याहून अरुंद जागा मिळते. जी-रॉफमधील \) हा वर्ण \& सारखाच असला, तरी वाक्याचा शेवट ओळखण्यात तो अडथळा आणत नाही. त्यामुळे संक्षिप्त रूपानंतर तो उपयोगी पडत नाही.

युनिकोडमध्येही शून्य रुंदीचे वर्ण आहेत. मराठीत 'वाङ्‌मय' लिहिताना ङ चा पाय मोडलेला दिसावा यासाठी तसा वर्ण वापरतात. परंतु तो मजकुराचाच भाग म्हणून साठवला जातो आणि संपादन करताना सहसा दिसत नाही. याउलट \& मूळ फाइलमध्ये स्पष्ट दिसतो व केवळ छापील मजकुरात अदृश्य होतो.