अवचित भेटणारी फुलपाखरे

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर, बंगळूरच्या रस्त्यालगत श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. भोवतालचा मुलूख तळ्यांचा, भातखाचरांचा व काटेरी झुडपांच्या माळांचा. गेल्या काही दशकांत तेथे मोटारींचे कारखानेही उभे राहिले. अशा ठिकाणी एखादे दुर्मिळ फुलपाखरू दृष्टीस पडले, की प्रश्न उद्भवतो : हे येथे आले कोठून?

याची दोन उत्तरे संभवतात. पहिले प्रवासाचे. ‘डार्क ब्लू टायगर’, ‘कॉमन क्रो’ इत्यादी फुलपाखरे दक्षिण भारतात थव्याथव्यांनी स्थलांतर करतात. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या सुमारास ती पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे येतात आणि पाऊस ओसरल्यावर परततात. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांस परिचित असलेले कृष्णमेघ कुंटे यांनी या स्थलांतराचा अभ्यास केला आहे.

दुसरे उत्तर वेषांतराचे. ‘प्लेन टायगर’ हे तांबूस-पिवळे फुलपाखरू सर्वत्र आढळते. त्याची अळी रुईची पाने खाते. त्या वनस्पतीतील विषारी द्रव्यांमुळे पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी विषारी नसूनही हुबेहूब तेच रंग धारण करते आणि बचावते. नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा व त्यांभोवती जांभळी झाक असलेला! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या जातीस संरक्षण देण्यात आले. मागील पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असल्यास ते ‘प्लेन टायगर’. केवळ वरच्या कडेशी एकच ठिपका असल्यास ती ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी समजावी. म्हणजे दुर्मिळता कित्येकदा फुलपाखरात नसून पाहणाऱ्याच्या घाईत असते.

या मादीच्या अळीचे एक खाद्य म्हणजे आपली साधी घोळ. आपण ज्या जागेस पडीक म्हणतो, तीच अळीचे पोटभर शेत असते. तळ्याचा काठ साफ झाला, माळावर भिंत उठली, की हे अन्न नाहीसे होते; आणि पूर्वीची नोंद नसेल, तर काय गमावले हेही कोणास कळत नाही.

म्हणून असे फुलपाखरू दिसताच ते पकडू नये. दिवस, वेळ, ठिकाण व जवळची वनस्पती टिपून घ्यावी. शक्य तर पंखांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. एका दर्शनाने फारसे सिद्ध होत नाही. परंतु अनेकांच्या प्रामाणिक नोंदी एकत्र आल्या, की पाहुणा कोण व रहिवासी कोण, हे उमगू लागते.