गोष्ट सुचते कुठे?

गुरुजी शिकवीत असताना मागच्या बाकावर कोणी वहीत भलतेच काही लिहीत बसला, तर पुढे काय होते हे तुम्हांला ठाऊकच आहे. आमच्याकडेही तेच झाले. हिंगोलीत अकरावीच्या वर्गावर मी सरल आवर्त गती शिकवीत होतो. टेबलाशेजारी लंबक टांगलेला होता आणि त्याच्या आवर्तकालाचे सूत्र फळ्यावर निम्मे लिहून झाले होते. मी बोलायचा थांबलो तरी एका मुलाचे लिहिणे थांबेना, तेव्हा संशय आला. वही काढून घेतली, चार शब्द सुनावले आणि ती वही माझ्या टेबलावर दोन दिवस तशीच पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सहज उघडली, तर आत एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा सुरू झाली आहे. एके रात्री तिच्यात एक मोठी लहर नोंदली जाते. साऱ्या जगात खळबळ उडते. शास्त्रज्ञ विमानाने धावत येतात. आणि शेवटी कळते, की ती लहर आकाशातली नव्हतीच. हळदीची पोती घेऊन वसमतच्या बाजाराला निघालेल्या आजोबांच्या ट्रॅक्टरची ती किमया!

मी हसलो, आणि मग मला लाज वाटली. कारण मराठीतील एका नामांकित विज्ञानकथेचा जन्म अशाच एका कंटाळवाण्या व्याख्यानात झाला, हे मला पुरते ठाऊक होते.

ती हकीगत अशी. सन १९७४. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापक डॉ. जयंत नारळीकर अहमदाबादला एका परिसंवादाला गेले होते. एक व्याख्यान फारच रटाळ चालले होते. उठून जाणे बरे दिसेना, म्हणून परिसंवादासाठी मिळालेल्या कागदांवर त्यांनी एक गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती, हे त्यांच्या मनात होतेच. गोष्टीचे नाव ‘कृष्णविवर’.

आता अडचण अशी, की नारळीकरांचे नाव तोवर देशभर गाजलेले. परीक्षक नाव पाहूनच बक्षीस देतील! म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. पण हस्ताक्षर ओळखले गेले तर? तेव्हा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी गोष्ट आपल्या हाताने उतरवून काढली. जगतापांना पहिले बक्षीस मिळाले आणि मगच खरे नाव बाहेर आले. पुढे १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीही या लेखनाची दखल घेतली.

नावाचा हा खेळ मला फार आवडतो. शास्त्रज्ञ आपला प्रयोग पक्षपातापासून जसा जपतो, तशी त्यांनी आपली गोष्ट जपली.

पण कृष्णविवरात गोष्ट सुचण्याजोगे असते तरी काय? एक हिशेब करून पाहू. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचे, न फिरणारे एक कृष्णविवर घ्या. त्याची सीमा केंद्रापासून सुमारे ३० किलोमीटरवर येते. त्या सीमेच्या आत गेलेला प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही. आता तुमचे यान केंद्रापासून ४० किलोमीटरवर कसेबसे स्थिर ठेवले आहे, असे समजा. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार तिथे तुमचे घड्याळ दूरवरच्या घड्याळाच्या निम्म्या गतीने चालेल. तुमचे एक वर्ष म्हणजे घरच्यांची दोन वर्षे. सीमेच्या आणखी जवळ जा, तुमचे एक वर्ष म्हणजे त्यांची दहा वर्षे! तुम्ही परत याल तेव्हा धाकटा भाऊ तुमच्यापेक्षा थोरला झालेला असेल. आता त्याने तुम्हांला ‘दादा’ म्हणायचे की तुम्ही त्याला? बघा, समीकरणातूनच गोष्टीला सुरुवात झाली की नाही?

अर्थात, एका रटाळ व्याख्यानाने कोणी लेखक होत नाही. तसे असते तर माझ्या वर्गातून दरवर्षी साठ लेखक बाहेर पडले असते. नारळीकरांचे बालपण बनारसला गेले. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. घरातल्या भिंतींवर फळे होते आणि शिकायला येऊन राहिलेले मोरेश्वर हुजुरबाजार हे मामा त्यांतल्या एका फळ्यावर भाच्यासाठी गणिती कोडी लिहून ठेवीत. उत्तर निघेपर्यंत कोडे पुसायचे नाही! पुढे केंब्रिजला फ्रेड हॉईल हे गुरू लाभले. हॉईल हे खगोलशास्त्रज्ञ आणि कादंबरीकारही होते. अवकाशातून आलेल्या एका विचार करणाऱ्या मेघावर त्यांनी १९५७ साली लिहिलेली कादंबरी प्रसिद्धच आहे. गंभीर संशोधक गोष्टी लिहू शकतो, त्याने त्याचे काही उणे होत नाही, हे नारळीकरांनी गुरूच्या घरीच पाहिले होते.

नारळीकरांच्या आधी मराठी मुलांना विज्ञानकथेची गोडी लावली ती भा. रा. भागवत यांनी. त्यांचा फास्टर फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. लहानशा गावाचा मुलगा पुस्तकाचा नायक होतो, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. हिंगोलीच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो; ‘सर, आपल्याकडे काय घडतं लिहिण्यासारखं?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. भागवतांना ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचे वेड होते आणि त्याच्या अनेक कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. व्हर्न वर्तमानपत्रे आणि शास्त्रीय नियतकालिके वाचून हजारो टिपणे काढून ठेवीत असे. त्याला सुचे ते त्या टिपणांच्या ढिगातून.

सुचलेले सगळे बरोबरच असते असे मात्र नाही. व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडण्याची कल्पना मांडली. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर, आणि वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. वेग त्याने अचूक निवडला; पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण तेवढाच लागतो. आता वही घ्या आणि नववीत शिकलेले गतीचे तिसरे समीकरण वापरा. त्वरण येते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२,००० पट! ५० किलो वजनाच्या प्रवाशाला आपले वजन ११०० टन वाटेल, म्हणजे तो क्षणात चपाती होईल. व्हर्नने धक्का शोषण्यासाठी गोळ्यात पाण्याचा थर ठेवला होता, पण एवढ्या धक्क्यापुढे पाणी काय करणार? तरीही ती गोष्ट वाचून पुढे किती मुले खऱ्या अग्निबाणांच्या मागे लागली! चूक असावी तर अशी.

काही पुस्तके टिपणांतून सुचतात, तर काही बाजारातून. आय.आय.टी. कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता पुण्याला टेल्को कारखान्यात नोकरीला होते. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला, खेड्यांतील शाळांमधून चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी सापडली. तिच्या तुकड्यात दोन बाजूंनी आगकाड्या खुपसल्या की सांधा तयार! चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबा, तो हलत नाही. गोदामाच्या पत्र्याखालची लोखंडी कैची आणि रेल्वेचा पूल त्रिकोणांनी का भरलेला असतो, हे हाताला कळते, मग डोक्याला. या काड्यांच्या खेळाचे पुढे पुस्तक झाले. त्यातली चित्रे अविनाश देशपांडे यांची आहेत आणि माझ्या मते निम्मे श्रेय त्यांचे आहे. गोष्टीच्या पुस्तकात चित्र थोडे इकडेतिकडे झाले तर चालते. इथे एक रेघ चुकली तर खेड्यातल्या मुलाची वस्तू जुळणार नाही, आणि त्याला वाटेल की आपलेच चुकले.

पुढे गुप्ता पुण्याच्या आयुका संस्थेत आले आणि तिथल्या विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ पर्यंत मुलांसाठी खेळणी करीत राहिले. आयुका १९८८ साली स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक-संचालक होते नारळीकरच. मुले त्यांच्याकडे सही मागायला गर्दी करीत, तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. नारळीकर २०२५ सालच्या मे महिन्यात गेले. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या आणि त्यांनी ‘गणितगप्पा’ लिहून मुलांची गणिताशी गट्टी जमवली. त्या २०२३ मध्येच गेल्या होत्या.

आता आपल्या दुधाळ्याकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. तशाच, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या वेधशाळेसाठी हिंगोली जिल्हा निवडला गेला. या प्रकल्पात आयुकाही एक भागीदार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. लहर येते तेव्हा या भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. तेव्हा ट्रॅक्टरची शंका मुळीच वेडगळ नव्हती!

मी वही परत दिली, क्षमा मागितली आणि त्याला एक प्रयोग करायला सांगितला. तुम्हीही करा. मीटरभर दोऱ्याला दगड बांधा. दोऱ्याचे वरचे टोक हातात धरून हात सावकाश डावी-उजवीकडे न्या. दगड निमूटपणे मागे येईल. आता हात एका सेकंदात चार-पाच वेळा, अगदी थोडाथोडा हलवा. दगड जवळजवळ जागच्या जागी राहील! या लंबकाचा आवर्तकाल दोन सेकंदांचा. हात त्याहून पुष्कळ जलद हलला की त्याचे हलणे खाली पोहोचत नाही. सेकंदाला पाच हेलकाव्यांना ते सुमारे शंभरावा भाग उरते. लायगोमधले ४० किलोचे आरसे असेच टांगलेले असतात, एकाखाली एक अशा चार टप्प्यांत. म्हणजे ज्या लंबकाच्या तासाला हा मुलगा गोष्ट लिहीत होता, त्या गोष्टीची किल्ली फळ्याशेजारीच टांगलेली होती.

मग मी दोन प्रश्न विचारले. आजोबांच्या ट्रॅक्टरची कंपने हे चार लंबक ओलांडून आरशापर्यंत पोहोचतात कशी? आणि खरी लहर तर सगळ्याच वेधशाळांत उमटते. २०१५ साली अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत ती सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटली होती. मग दुधाळ्याखेरीज कुठेच नोंद नसताना जगात खळबळ उडालीच कशी?

आठवड्याने तो शिक्षक-कक्षाच्या दारात उभा.

“सर, ट्रॅक्टर अगदी सावकाश हेलकावे खात चाललाय. रस्ता तसाच आहे, सर. सावकाश हललं तर दगड मागे येतो.”

“बरं. आणि दुसरं?”

“त्या रात्री अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद ठेवल्या तर?”

“इटलीत एक आहे. जपानातही एक आहे.”

तो जरा वेळ गप्प राहिला, वही काखेत मारली आणि निघाला. दोन पावले गेला आणि परत वळला.

“सर, आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात, तेव्हा जपानात किती वाजतात?”