दोन डोंगरांमधला सूर्य खोटा आहे

महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने एक चित्र काढलेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चार पक्षी. त्या चित्रावर माझा जुना राग आहे. चित्र बाळबोध असतं म्हणून नव्हे, तर तो डोंगर आपला नाही म्हणून. सह्याद्री त्रिकोणी नाहीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. पावसाने मऊ थर झिजले, टणक उभे राहिले. म्हणून आपल्या डोंगराला टप्पे असतात. उभा कडा, मग गवताची उतरण, पुन्हा कडा, आणि वर बहुधा सपाट माथा. हे खरं वाटत नसेल तर पौडमार्गे ताम्हिणीच्या रस्त्याला लागा आणि मुळशी धरणाआधी मालेत उतरा.

पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवरचं हे गाव बहुतेकांना गाडीच्या काचेतूनच माहीत असतं. सगळ्यांना पुढच्या धबधब्यांची घाई. चित्र काढणारेही त्याच रांगेत. ‘पॉइंट’ गाठायचा, फोटो काढायचा आणि घरी येऊन फोटोवरून रंगवायचं. मला हा प्रकार मानवत नाही. पॉइंटवरून दिसतं ते सगळं दूरचं आणि सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असतं. मालेत रस्त्याकडेला बसलं तर समोर भाताचं खाचर, त्याचा बांध, बांधावरचं आंब्याचं झाड, अर्धं कौलारू अर्धं पत्र्याचं घर आणि मागे टप्प्याटप्प्यांचा डोंगर, एवढा ऐवज एका कागदाला पुरून उरतो.

बाहेर बसून चित्र काढण्याची पार्श्वभूमी सांगायची तर थोडक्यात सांगतो. १८४१ साली रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट निघालं आणि चित्रकाराला रंग घेऊन घराबाहेर पडणं सोपं झालं. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी आली, आणि इंग्रजी वळणाचा जलरंग इथे रुजला. पुढे नाशिकचे घाट शिवाजी तुपे यांनी रंगवले, पुण्यात मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांनी हौशी लोकांच्या हातात ब्रश दिला. बाकी इतिहास ग्रंथांत सापडेल.

पण आबालाल रहिमान यांना एका वाक्यात उरकणं मला जमणार नाही. जे. जे.मध्ये शिकलेला हा माणूस कोल्हापुरात परतला, राजर्षी शाहूंचा दरबारी चित्रकार झाला आणि कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तीच पंचगंगा, तोच रंकाळा आणि संध्यामठ रंगवत राहिला. महाबळेश्वर नको, काश्मीर नको. पाणी तेच, उजेड मात्र रोज वेगळा. १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते गेले. कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉल संग्रहालयात जा आणि तिथून राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय पाहा. पडद्यावरचा हा रुबाबदार नट आयुष्यभर निसर्गचित्रं काढत होता, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, म्हणजे हिरव्याकडे. मुळशीतला पाऊस नवख्या जलरंगवाल्याचा घात करतो, कारण तो ट्यूबमधला सॅप ग्रीन थेट कागदावर फासतो आणि सगळं चित्र सरबती होतं. खाचराकडे नीट बघा. जुलैत लावणी झाली की खाचर हिरवं नसतंच. ते असतं राखाडी पाण्याचं, आकाश पोटात घेतलेलं, आणि त्यावर रोपांच्या शेंड्यांचे विरळ ठिपके. तीन-चार आठवड्यांनी पाणी झाकलं जातं आणि पोपटी उसळते. गणपतीनंतर तीच पोपटी गडद होते, दिवाळीच्या तोंडावर लोंब्या वाकल्या की पिवळट. इंडिगोत गॅम्बोज मिसळा, कणभर बर्न्ट सिएना टाका. तांबूस रंग हिरव्याचा गोडवा मारतो. लांबच्या डोंगराला कोबाल्ट आणि किंचित लाइट रेड. ढग चिकटलेल्या कड्यावर ओल्या ब्रशने रंग उचलून घ्यायचा, वरून पांढरा लावायचा नाही.

हवेतच इतका ओलावा की पहिला वॉश वाळायचं नाव घेत नाही. गाडीचा हीटर काचेवर सोडून डॅशबोर्डवर कागद वाळवणारी मंडळी मी पाहिली आहेत. मला विचाराल तर न वाळणं हीच इथली सोय आहे. धुक्यात डोंगराची कड जशी विरघळते, तशी ती ओल्या कागदावर आपोआप विरघळते.

एकदा लावणीतून वर आलेल्या एक मावशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “खाचर आमचंच हाय. पण माणसं कुठं गेली, दादा?” निसर्गचित्रात माणूस नको हा आपला शहरी हट्ट आहे, असं माझं त्या दिवसापासूनचं मत. मालेच्या परिसरात तर तो हट्ट हास्यास्पदच ठरतो. खाचराचे बांध माणसांनी घातलेले. पुढचा मुळशीचा तलावसुद्धा निसर्गाचा नव्हे. टाटांचं धरण, ज्याचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून १९२७ पासून वीज होते. त्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट सेनापती ठरले ते इथेच. मे महिन्यात पाणी उतरलं की काठाने उघड्या मातीचा तांबूस पट्टा दिसतो. ‘विद्रूप’ म्हणून चित्रकार तो गाळतात. मी गाळत नाही. विजेच्या तारा आणि पत्र्यावरचा गंजही नाही. ते वगळून जे उरतं ते कॅलेंडर.

जायचं असेल तर ऑगस्टअखेर किंवा भात कापणीच्या आधी जा. ऐन जुलैत छत्रीखाली हात चालत नाही. कागद ३०० जीएसएमचा न्या, पाण्याची बाटली आणि क्लिपा विसरू नका. ताम्हिणीकडे धावणाऱ्या गाड्यांपासून लांब बसा. आणि कुणाच्याही बांधावर बैठक मारण्याआधी खाचराच्या मालकाला विचारा. ओला बांध पायाखाली खचला तर साचवलेलं पाणी वाहून जातं.