नव्या मोटारसायकलचे पहिले हजार किलोमीटर

नवी मोटारसायकल दाराशी येऊन उभी राहिली, की तिच्याभोवती दोन तऱ्हेचे सल्लागार जमतात. एक म्हणतो, "गाडी नवी आहे, चाळिसाच्या वर नेऊ नकोस." दुसरा म्हणतो, "कंपनीचा सायलेन्सर काढून टाक, सिलिंडर मोठा करून घे, मग बघ गाडी कशी पळते ती." पहिला सल्ला बहुधा वडीलधाऱ्यांकडून येतो, दुसरा मित्रांकडून, आणि ज्याची गाडी तो बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. दोन्ही सल्ल्यांना कारणे मात्र कोणी जोडीत नाही. कारण कळले नाही म्हणजे नियम जाचक वाटतो आणि तो मोडण्यात पुरुषार्थ वाटू लागतो. यास्तव आज आपण थोडे इंजिनाच्या पोटात शिरून पाहू.

इंजिनाच्या सिलिंडरात पिस्टन खालीवर धावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या धावण्याचा वेग किती असतो, याचा आपण क्वचितच विचार करतो. जुन्या ३५० सीसी बुलेटचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर पिस्टन त्या मिनिटात १०,००० वेळा ही धाव पुरी करतो. म्हणजे मिनिटाला ९०० मीटर, ताशी ५४ किलोमीटर! एवढ्या वेगाने पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडराच्या भिंतीवर घासत असतात, आणि दोहोंच्या मध्ये असतो तो केवळ तेलाचा एक पातळ पापुद्रा.

आता ही भिंत कशी असते? ती आरशासारखी गुळगुळीत असावी असे कोणालाही वाटेल. वस्तुतः कारखान्यात तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. या रेघांच्या खोलगट भागात तेल धरून राहते, आणि त्यांचे उंचवटे रिंगेला घासून हळूहळू झिजतात. रिंगही झिजते. अशा रीतीने दोघे एकमेकांच्या अंगाला बेतून घेतात आणि त्यांच्यामधली फट मिटते.

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे समजावून सांगायला नको. जात्याला टाकी लावून घेतली, की पाळ्यांवर खाचा उमटतात. त्या खाचांवाचून धान्य दळले जात नाही. पण टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच येते, म्हणून जाणती गृहिणी ते पीठ भाकरीला घेत नसे. नव्या इंजिनाचे पहिले तेल हे असेच पहिले पीठ आहे. झिजलेल्या धातूची बारीक कच त्यात उतरते. म्हणूनच पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरांच्या सुमारास, म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल त्या वेळी, ते बदलायचे असते. तेल अजून स्वच्छ दिसते, मग फुकट का घालवा, ही काटकसर नव्हे.

या सगळ्या क्रियेला रनिंग-इन म्हणतात. पन्नाससाठ वर्षांपूर्वी इंग्लंडात नव्या गाडीच्या मागे 'रनिंग-इन चालू आहे, कृपया पुढे जा' अशा अर्थाची पाटी लावण्याचा प्रघात होता. आज यंत्रे अधिक काटेकोर घडतात, सिलिंडराच्या भिंतीवर कठीण मुलामे चढविले जातात, त्यामुळे हा काळ आखूड झाला आहे. पण तो नाहीसा झालेला नाही. कारखान्याने जे काम सुरू केले, त्याचा शेवटचा टप्पा मालकाच्या हातून, रस्त्यावर पुरा व्हायचा असतो.

मग हे काम बिघडते कसे? दोन्ही टोकांनी बिघडते. पहिल्याच दिवशी गाडी पिळली, तर जुळून न आलेल्या पृष्ठभागांत फार उष्णता निर्माण होते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि तो उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. मधली फट आधीच मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती संपली, की पिस्टन सिलिंडरात धरला जातो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत हा प्रकार पुष्कळ घडे. इंजिन जाम झाले की मागचे चाकही जागच्या जागी अडकते, आणि धावत्या गाडीवर ते स्वाराच्या जिवावर बेतू शकते. फोर-स्ट्रोक गाडीत असे क्वचित होते, परंतु पिस्टनवर ओरखडे उठतात आणि इंजिनाचे आयुष्य घटते ते घटतेच.

आता दुसरे टोक पाहू. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला भिंतीशी घट्ट दाबून धरतो तो मुख्यतः जळलेल्या वायूंचा दाब; हे वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर रेटतात. इंजिनावर भारच पडला नाही, तर हा दाब अपुरा राहतो. महिनाभर केवळ मुंगीच्या पावलांनी फिरविलेल्या गाडीत भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा चकचकीत थर बसतो, रिंगा नीट बसत नाहीत, आणि गाडी तेल पिऊ लागते, निळा धूर सोडू लागते. तेव्हा वडीलधाऱ्यांचा सल्ला काळजीपोटी दिलेला असला, तरी तो पुरा नाही.

योग्य मार्ग या दोहोंच्या मधला आहे. पहिली गोष्ट, पुस्तिकेत दिलेली वेगाची किंवा फेऱ्यांची मर्यादा पाळावी. त्या मर्यादेच्या आत वेग सतत कमीजास्त करीत राहावे. सरळ रस्त्यावर तासभर एकाच वेगाने जाऊ नये. मूठ थोडी पिळावी, पुन्हा सोडावी. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथत ठेवू नये, वेळेवर खालचा गिअर टाकावा. सकाळी गाडी जागेवरच दहादहा मिनिटे चालू ठेवण्यापेक्षा थोड्याच वेळात निघावे आणि पहिले दोनतीन किलोमीटर बेताने जावे. पहिल्या पाचशे किलोमीटरांत मागे माणूस आणि सामान घेऊन खंबाटकीसारखा घाट चढण्याचा बेत करू नये. आणि हेही ध्यानात ठेवावे, की नवे टायर गुळगुळीत असतात आणि नवे ब्रेकही अजून बसायचे असतात. पहिले शेदीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलती करणे धोक्याचे असते.

आता दुसऱ्या सल्लागाराकडे वळू. कोणी म्हणेल, "मला पुढे सिलिंडर आणि पिस्टन बदलायचेच आहेत; मग जुने बसवीत कशाला बसू?" प्रश्न गैर नाही, आणि त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले असे, की इंजिन म्हणजे केवळ सिलिंडर नव्हे. बेअरिंगे, गिअरचे दाते, क्लच, व्हॉल्व्ह हे सारे नवे असते आणि तेही याच काळात बसते. दुसरे असे, की कारखान्यातून एखादा दोष राहून गेला असेल, तर तो बहुधा या काळातच डोके वर काढतो. त्या वेळी गाडी मूळ स्थितीत असली तर दुरुस्ती हमीत होते. पुर्जे बदललेले असले तर हमीचा हक्क धोक्यात येतो, आणि भांडण कोणाशी करायचे हाही प्रश्नच.

तिसरे उत्तर आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुधारणा झाली की नाही हे कळायला आधीची स्थिती माहीत असावी लागते. बसलेले इंजिन लिटरला किती किलोमीटर देते, हजार किलोमीटरांत तेल किती उतरते, सिलिंडरातला दाब किती, स्पार्क प्लगचा रंग कसा, याची नोंद हाती नसेल, तर बदलानंतरचा फरक केवळ आवाजावरून ठरतो. मोठा आवाज म्हणजे मोठी शक्ती, हा गैरसमज तेथूनच जन्माला येतो. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसविला, आणि पेट्रोलचे प्रमाण त्या बेताने वाढविले नाही, तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन जास्त तापते. न बसलेल्या इंजिनात ही वाढीव उष्णता म्हणजे आगीत तेल. शिवाय पुढे बिघाड झालाच, तर तो मूळ दोषाने, घाईने की नव्या पुर्जाने, हे कोणताही मिस्त्री सांगू शकणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि तोही पहिल्या नोंदी हाती आल्यावर. नवा सिलिंडर किंवा नव्या रिंगा घातल्या तर रनिंग-इन पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, हेही ओघाने आलेच.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे उपकरण सायलेन्सरच्या मार्गातच असते. ते काढून टाकले, की त्या गाडीचा विषारी धूर आणि आवाज दोन्ही आळीतल्या आजाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना सोसावे लागतात. ज्यांना इंजिनावर प्रयोग करण्याची खरी आवड आहे त्यांनी शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालणाऱ्या गाडीवर ते करावेत. तेथे या विद्येला मानही आहे आणि मोजमापाची शिस्तही.

तरुणांच्या हौसेला आमचा विरोध नाही. यंत्र उघडून पाहावे, त्यात काही सुधारावे असे ज्याला वाटते, त्याच्यात उद्याचा चांगला कारागीर दडलेला असतो. त्याच्या पालकांना आमचे सांगणे एवढेच, की त्याला नुसते 'हळू चालव' म्हणून थांबू नका. पहिल्या दिवशी त्याच्या हाती एक वही द्या. प्रत्येक वेळचे पेट्रोल, किलोमीटर, तेलाची पातळी, ऐकू आलेला नवा आवाज, हे सारे त्याने त्या वहीत लिहावे. तेल बदलाल तेव्हा काढलेले तेल त्याला उजेडात धरून दाखवा. त्यात चमकणारे धातूचे कण त्याला आमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवतील. हजार किलोमीटर पुरे झाल्यावर ती वही समोर ठेवून गाडीत काय बदलायचे, आणि मुळात काही बदलायचे का, याचा विचार बापलेकांनी एकत्र बसून करावा.